बारवेपाशी काटा चढतो

१

मला सटवाजी मिस्त्री म्हणायचं. सटव्या म्हणणारे गावात लय होते, त्यांची जीभ सरळ करायला मला पंधरा वर्सं लागली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कवठाळीचं दूध परभणीला न्यायची पिकअप माझी. जिनिंगच्या लिलावात निघालेला तिचा सांगाडा मी बैलगाडीला बांधून घरी आणला होता. दीड वर्स दारात ठेवून, हातानं एकेक नट सोडवून उभी केली अन् पुढच्या काचेवर निळ्या रंगात ‘जय भीम’ लिहून रस्त्यावर काढली. दूध संस्थेचे सेक्रेटरी मुंजाजीराव म्हणले, गाडी झकास झाली सटवाजी, तेवढी अक्षरं पूस, लोकांचं दूध हाय. मी म्हणलो, दूध कॅनमधी ऱ्हाईल, अक्षरं काचेवर ऱ्हातील, एकमेकाला शिवायचा सवालच येत न्हाई. त्यांनी रूट मलाच दिला. गावात दुसरी गाडी नव्हती तवा.

ही चौऱ्यांशीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नामांतराच्या मोर्च्यात तुरुंगाचं जेवण जेवून आलेल्या माणसाला सेक्रेटरीची काय फिकीर, अशी माझी मिजास होती. आजबी हाय.

पहाटे साडेचारला कॅन चढवायचे, पाचला निघायचं, बारवेवरून पेडगाव, अन् सव्वासहाला परभणीच्या चिलिंग सेंटरच्या दारात. वैशाखात दूध कुणाची वाट बघत न्हाई. सात वाजले की फाटलंच म्हणून समजा. म्हणून गाडी रस्त्यात थांबता कामा नये, एवढा एकच जिम्मा माझ्याकडं होता.

अन् गाडी तापायचा तर प्रश्नच नव्हता. आमच्याकडचे सगळे मिस्त्री करतात तेच मीबी केलं होतं. इंजनाच्या पाण्याच्या वाटेवर एक व्हॉल बसवलेला असतो, थर्मोस्टॅट. इंजन गार असलं की तो वाट बंद ठेवतो, तापलं की उघडतो. परभणीच्या उन्हात बंद ठेवायचं काय काम, म्हणून आमी तो काढतो अन् फेकून देतो. मग पाणी सारखं फिरत ऱ्हातं, इंजन कायम गारढोण, अन् डॅशबोर्डावरचा काटा खाली झोपलेला. सहा महिने माझा काटा झोपूनच होता.

एका पहाटे बारव आली, अन् तो उठला.

२

आधी मला वाटलं, खड्ड्यानं हालला. पण काटा हालला न्हाई, चढला. सावकाश. माणूस पायरी पायरीनं वर यावा तसा चढत लाल पट्ट्यात गेला अन् तिथं उभा ऱ्हायला.

मी गाडी बाजूला घेतली. शेजारीच बारव. जुनी दगडी, खाली उतरत गेलेल्या पायऱ्या, वर एक बाभळ. बहात्तरच्या दुष्काळापासून तिच्यात पाणी न्हाई. गावाला हापसा आला तवापासून तिकडं कुणी बघतबी न्हाई, पायऱ्यांवर घाणेरी माजलीय.

बानेट उघडलं. रेडिएटरला हात लावायच्या आधी गोणपाट घेतलं, कारण लाल काट्याला भ्यायचं असतं हे मी शिकलेलो. मग गोणपाट टाकून दिलं. रेडिएटर गार होता. नुसता कोमट असता तरी मी समजलो असतो. तो माठासारखा गार होता, बाहेरून पाझरून ओला झालेला. झाकण फिरवलं. पाणी तोंडाशी आलेलं, काठोकाठ, अन् हालायलेलं. इंजन बंद होतं, वारा न्हवता, अन् ते पाणी कुणी आत्ताच ओतल्यासारखं हालत होतं.

मी वायरला दोष दिला. इंजनाच्या वरच्या झाकणाला, हेडाला, ताप मोजणारा सेंडर बसवलेला असतो, तिथून एकच वायर काट्याकडं जाते. ती काढली की काटा खाली पडायला पाहिजे. न पडला तर वायर कुठंतरी बॉडीला लागलीय असं समजायचं. मी वायर काढली अन् आत वाकून बघितलं. काटा लालातच. वायर हातानं पार शेवटपर्यंत चाचपली, कुठं सोललेली न्हाई. काट्याच्या पाठीमागून दुसरं टोकबी ओढून काढलं. आता तो काटा कशालाच जोडलेला नव्हता. तरी लालात.

अर्ध्या तासानं तो आपल्या मनानं खाली आला. वायरी जोडून मी निघालो. दूध फाटलं. संस्थेची तंबीची पहिली चिठ्ठी त्याच दिवशी आली.

३

परभणीत स्टेशन रोडला मन्मथअप्पांचं दुकान. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग, हातात कायम टेस्टर. गाड्यांची सगळी वायरिंग मला त्यांनी शिकवली, तीबी अशा दिवसांत की दुसऱ्या दुकानात मला पाना हातात देत नव्हते. त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवत न्हाई. जगात असा तेवढाच एक माणूस हाय.

त्यांना मी काटा सांगितला. गार रेडिएटर सांगितला. हालणारं पाणी सांगितलं न्हाई.

अप्पांनी आधी मला व्हॉल फेकल्याबद्दल धुतलं. म्हणले, कंपनीवाले येडे होते काय रे तो बसवायला? इंजनाला त्याची ऊब लागती. गार इंजन पेट्रोल पितं, तेल खराब करतं, अन् काटा काय बोलतोय ते तुला कळतच न्हाई, कारण तू त्याला मुकं करून ठेवलंस. आधी गाडी जशी बनवली तशी कर, मग बिघाड शोध.

चहाच्या पातेल्यात पाणी ठेवून त्यांनी नवा व्हॉल दोऱ्यानं टांगून दाखवला. पाण्याला बुडबुडे यायला लागले तसा तो हळूच उघडला, गार पाण्यात टाकला तसा मिटला. सेंडरबी त्याच पातेल्यात अजमावला, त्यातबी खोट न्हवती. काटा नवा घेतला, वायर नवी घेतली. दुकानातच सगळं बसवलं. परत येताना काटा पयल्यांदा मधोमध येऊन उभा ऱ्हायला, जिथं त्यानं असायला पाहिजे. मला लय बरं वाटलं. बारवेवरून भर दुपारी गेलो, काही झालं न्हाई.

निघताना अप्पा एक गोष्ट बोलले होते. आता इंजन गरम ऱ्हाईल सटवाजी, तवा ध्यानात ठेव, गरम इंजनात गार पाणी एकदम पडलं की हेड तडकतं. हेड गेलं की गाडी गेली.

हे मला सांगायची गरज न्हवती. पण त्यांनी सांगितलं, अन् ते माझ्या डोक्यात बसलं.

४

दुसऱ्या पहाटे मी ठरवून निघालो की काटा चढला तरी थांबायचं न्हाई. नवा काटा, नवी वायर, नवा व्हॉल. माझी गाडी आता मला माहिती होती.

बारव आली. काटा मधोमधून निघाला अन् तसाच पायरी पायरीनं वर. मी ॲक्सिलेटर दाबून धरला. तवा इंजनातून आवाज आला. टक. थोड्या वेळानं टक. तापलेला तवा पाण्यात धरला की लोखंड आक्रसतं, तेचा आवाज. मिस्त्रीला याच्याएवढं भ्या दुसऱ्या कुठल्या आवाजाचं न्हाई. मी पाय काढला, इंजन खोकलं अन् आपणहून बंद पडलं.

रेडिएटर ओला. पाणी काठोकाठ.

तवाबी मी हार मानली न्हाई. रेडिएटर गार अन् काटा लाल म्हणजे व्हॉल अडकलाय, हे पोरगंबी सांगंल. आत कोंडलेलं पाणी तापतंय, बाहेरचं गार ऱ्हातंय. मी खुशीत होतो, खरं सांगतो. त्या दिवशीचं दूधबी फाटलं अन् दुसरी चिठ्ठीबी आली, तरी मी खुशीत घरी आलो, कारण बिघाड सापडला होता.

दारात बसून व्हॉल काढला, चुलीवर पातेलं ठेवलं. माझी माय मनकर्णा जवळच पीठ चाळायली होती. पाण्याला बुडबुडे आले, व्हॉल उघडला. गार पाण्यात मिटला. चार वेळा केलं. अप्पांच्या दुकानात वागला होता तसाच वागला.

मग मी सगळं पाणी सोडून द्यायचं ठरवलं. संस्थेचं दुधाचं लिटरचं माप माझ्याकडंच असायचं, त्यानं मोजलं. या गाडीत अकरा लिटर पाणी बसतं. मी अकरा भरलं होतं, अप्पांच्या समोर. निघालं साडेतेरा.

अकराच्या जागेत साडेतेरा कसं मावलं, ते मी अजून कुणाला समजावू शकत न्हाई. मी दुसऱ्यांदा मोजलं. माय चाळणी थांबवून बघायली होती. शेवटच्या मापात हिरवट शेवाळाचा धागा आला अन् त्याच्याबरोबर नखाएवढी एक गोगलगाय. ती मापाच्या काठावर चढली.

मायनं माप उचलून वास घेतला. म्हणली, "हे बारवेचं पाणी हाय."

मी म्हणलो, माय, बारवेत बारा वर्सं पाणी न्हाई. ती म्हणली, मला वास कळतो. अन् पीठ चाळायला लागली.

५

माणसाचं डोकं काय करतं बघा. मला एकदम मुंजाजीराव दिसले. त्यांच्या पुतण्यानं नवा टेम्पो घेतला होता, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. तिसऱ्यांदा दूध फाटलं की रूट टेम्पोला जाणार, असं चिठ्ठीतच लिहिलेलं. म्हणजे कुणीतरी माझ्या गाडीत पाणी ओततंय. मावतं कसं अन् काटा न जोडता कसा चढतो, हे मी बाजूला ठेवलं. राग आला की बरंच काही बाजूला ठेवता येतं.

मी झाकणाला तार गुंडाळली, तारेच्या गाठीवर काचेवरचाच निळा रंग लावला, अन् खाट गाडीला लावून झोपलो.

संध्याकाळीच मुंजाजीराव आले होते. रागात न्हवते, उलट मऊ बोलायले होते. खाटेवर न बसता उभ्यानंच त्यांनी सांगितलं की बारवेचा मान असतो. जुनी माणसं तिथून जाताना चपला हातात घेत. तू गाडी थांबव, चपला काढ, एक नारळ वाढव, तेवढं चालत जा. गाव बघंल अन् गाडीबी चालंल. दुसऱ्या रस्त्यानं जायचं तर ओढ्यातून चार कोसांचा फेरा, दूध पोचणार न्हाई.

जुनी माणसं म्हणजे कोणती माणसं, ते आमा दोघांनाबी माहिती होतं. चपला मुंजाजीरावांच्या आज्यानं कधी हातात घेतल्या नव्हत्या. माझ्या आज्यानं घेतल्या होत्या.

मी म्हणलो, "राव, चपला पायातच ऱ्हातील. रूट न्यायचा तर न्या, पण नारळावर न्हाई देणार."

ते गेले. मायनं भाकरी वाढली. जेवता जेवता मी तिला विचारलं, बारवेवर आपल्याला पाणी कोण वाढायचं गं?

तिनं लगेच नाव सांगितलं. धुरपताबाई.

मलाबी आठवत होतं, फक्त नाव ऐकायचं होतं. आमाला बारवेत उतरायची मुभा नव्हती. वरच्या पायरीशी बसायचं अन् वाट बघायची. धुरपताबाई पाणी घेऊन वर यायची, मनात आलं तर थांबायची. मग आमी खाली वाकून ओंजळ धरायची अन् ती पितळेच्या तांब्यातनं वरून धार सोडायची. लय वरून, शिंतोडा उलटा तिच्या अंगावर येऊ नये म्हणून. अर्धं तोंडावर, अर्धं मातीत. वर बघायचं न्हाई. मी सहा वर्सांचा होतो. तहान लय लागली होती अन् पाणी सगळं वाया चाललं होतं, म्हणून मी साधं म्हणलो, बाई, तांब्याच द्या की हातात. धार तिथंच थांबली. मायनं माझ्या डाव्या गालात अशी ठेवून दिली की कान दोन दिवस वाजायला होता.

धुरपताबाई वारूनसुद्धा वीस वर्सं झाली. अन् आमी दीक्षा घेतल्यापासून माय त्या बारवेकडं एकदाबी गेली न्हाई.

मी मायला म्हणलो, तू मला मारलंस तवा. ती म्हणली, हो. अन् ताट उचलून नेलं.

६

सकाळी रंगाची गाठ जशीच्या तशी होती. मी बोटानं दाबून बघितली.

कॅन चढवले. गावातले चार लोक उगाच उभे होते, तांबडं फुटायच्या आधी कुणाला काम असतं? मुंजाजीरावांचा पुतण्या टेम्पोच्या पायरीवर बसून चहा पीत होता. माझ्या चपलांकडं बघायले होते सगळे. मी पाय आपटून गाडीत चढलो.

बारवेपर्यंत काटा मधोमध होता. बाभळ दिसली अन् तो चढायला लागला. मी वाट बघितली न्हाई. टक आवाज यायच्या आधीच गाडी उभी केली, इंजन चालूच ठेवलं, खाली उतरलो, बानेट उघडलं. हात थरथरला का? थरथरला. कशाला खोटं बोलू. पण माझ्या दीड वर्साच्या कष्टाचं हेड त्या बानेटखाली होतं, अन् आज ते तडकलं तर उद्यापासून मी पुन्हा दुसऱ्याच्या दारात पाना मागत उभा.

तार कापली. झाकण काढलं.

पाणी पडायलं होतं. दोरीएवढी धार, सरळ रेडिएटरच्या तोंडात. वरून. बानेट पाठीमागं झुकलेलं, म्हणजे तोंडाच्या वर मोकळं आभाळ असायला पाहिजे. धार माझ्या डोक्याच्याबी वरून यायली होती. इंजनाच्या आवाजात बांगड्या वाजल्या, काचेच्या, दोन-चार.

माझी मान आपोआप खाली गेली. हे मी सांगायलाच पाहिजे. अडतीस वर्सांचा माणूस, मोर्च्यात लाठी खाल्लेला, अन् कंबर वाकायला लागली, हात ओंजळ करायला लागले. अंग इसरत न्हाई.

मग मला लय राग आला. तिचा न्हाई, त्या कमरेचा.

मी सरळ उभा ऱ्हायलो. उजवा तळहात रेडिएटरच्या तोंडावर पालथा ठेवला. धार हातावर पडली, हाडापर्यंत गार. मी वर बघितलं.

एक कोपर दिसलं. वाळलेलं, सुरकुत्यांचं. हिरव्या बांगड्या, लुगड्याचा विटका काठ, अन् पितळेचा तांब्या. कोपराच्या वर बाभळीचा काळोख होता, अन् बाभळीत काही न्हवतं.

मी म्हणलो, "वरून न्हाई, धुरपताबाई. तांब्या हातात द्या."

धार थांबली.

इंजन धडधडायलं होतं. मला वाटतं मी लय वेळ हात पुढं करून उभा होतो. नंतर घड्याळ बघितलं तर तीन मिंटं झाली होती. हात खाली घ्यावा असं वाटायचं अन् मी घेत न्हवतो. मनात मोजायलो होतो, दूध किती वेळ धरंल, अन् तरी मी घेत न्हवतो.

मग हातात वजन आलं.

मी तांब्याकडं बघितलं न्हाई. तोंडाला लावला अन् प्यालो, सरळ काठाला ओठ लावून, तहान भागेपर्यंत. शेवाळाची चव होती. उरलेलं चूळ भरून मातीत टाकलं न्हाई, आदबीनं तांब्या पुढं केला. कुणीतरी तो घेतला. घेताना बोटाला बोटं लागली.

गाडीत बसलो तवा काटा मधोमध होता.

सहा वीसला मी चिलिंग सेंटरच्या दारात पोचलो. पुतण्याचा टेम्पो रिकामाच माझ्यामागं आला होता, तमाशा बघायला. तिथल्या माणसानं दुधात नळी घालून बघितली अन् दूध चांगलं म्हणून पावती फाडली. मी ती पावती पुतण्याला दाखवली अन् सांगितलं, काकांना म्हणावं, चपला पायात होत्या.

७

घरी येऊन पाणी सोडलं, मापानं मोजलं. अकरा. तवापासून आजपर्यंत कधी मोजलं तरी अकरा. काटा मधोमध ऱ्हातो अन् व्हॉल आपलं काम करतो. आता कुणाच्या गाडीतला व्हॉल मी फेकून देत न्हाई.

त्या दिवशी माय पीठ मळायली होती. मी माप धुवायलो होतो तवा ती पिठाचे हात तसेच घेऊन जवळ आली अन् माझ्या उजव्या हाताचा वास घेतला. लय वेळ घेतला.

मग म्हणली, "हाताला हात लागला का रं?"

"लागला."

तिनं पिठाचा हात माझ्या गालावर ठेवला. डाव्या, त्याच.

"कापत होता तिचा?"

"कापत होता."

"अन् तुझा?"

मी म्हणलो, "तवा न्हाई, माय."